प्रवासात असलेल्यांसाठी

सुशीलामावशी गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि हेडबाईंच्या खोलीत तुमचा फोन आहे म्हणाला. फोनवर मावशीच्या शेजारच्या वासनिकबाई होत्या. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. "बाई, लवकर या जी. मावशी उठूनच नाई राहिल्या," असं त्या पुन्हा पुन्हा ओरडत होत्या. डॉक्टरांना बोलावलं का, असं मी विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला... "आता डॉक्टर येऊन काय करन?" म्हणाल्या. मी हातातला खडू तसाच घेऊन बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर बोटांना पांढरं लागलेलं दिसलं. एप्रिलचं ऊन रणरणत होतं, रिक्षावाला डोक्याला ओला दुपट्टा बांधून पायडल मारत होता, आणि मला रडू येण्याऐवजी राग येत होता. रविवारीच तर आम्ही देवळाच्या पायरीवर भेटलो होतो. (चर्चला आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो.) "ही काय साडी नेसली वं? मास्तरीण हायेस का मुरमुऱ्याची थैली?" असं चारचौघांत म्हणून ती हसली होती. फार दिवसांनी हसली होती. त्या हसण्यामुळं मी गाफील राहिले.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. सावनेरकडच्या एका खेड्यातून दोघी बहिणी मिशनच्या वसतिगृहात शिकायला आल्या. आई मास्तरीण झाली, मावशी नर्स. नागपुरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांना ती सुशीला सिस्टर म्हणून आठवत असेल. एका मिशन दवाखान्यात तिनं उभी हयात काढली. बोलायला फटकळ, चालायला झपाझप आणि हाताला अतिशय हलकी. पण वॉर्डात तिचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. माणूस जायला लागला आणि घरचे त्याला सोडेनात, की डॉक्टरसुद्धा सुशीला सिस्टरला बोलवा म्हणायचे. डबा द्यायला गेले असताना मी एकदा ते पाहिलं आहे. कुहीकडचा कोणी धानवाला होता. त्याच्या बायकोनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि त्याचा श्वास नुसता घरघरत होता. मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसली, बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, "माय, सोड आता त्याले. तू धरून राहिली म्हणून तो अडून राहिला. देव घेऊन राहिला न त्याले, घेऊ दे." आणि तिनं त्या बाईची बोटं एकेक करून सोडवली. बाई मावशीच्या खांद्यावर कोसळली आणि थोड्याच वेळात तो माणूस गेला. पुढं कितीतरी घरांतून मी ऐकलं, की सिस्टरनं सांगितलं म्हणून आम्हाला सोडता आलं. कुठवर धरून ठेवायचं आणि हात कधी काढून घ्यायचा, हे मावशीला कळतं अशी सगळ्यांची खात्री होती. माझीही होती.

लग्नानंतर खूप वर्षं मावशीला मूल नव्हतं. यशवंतकाका, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेत कारकून होते. मान खाली घालून चालणारा, चहा बशीत ओतून गार होईस्तोवर बोलायला सुरुवात न करणारा माणूस. दोघांनी आशा सोडून दिल्यावर शमुवेल झाला. देवाकडून मागून घेतलेला, असा त्या नावाचा अर्थ आमच्याकडं सांगतात. घरात तो शमू. इतक्या लाडानं पोरगा बिघडायला हवा होता, पण तो बिघडला नाही, फक्त बेसूर झाला. गायनमंडळात माझ्या मागं उभा राहून तो असा काही आवाज लावायचा की मला माझी चाल सापडत नसे, आणि मी मागं वळून डोळे वटारले की आणखी जोरात गायचा. मावशीला ते बाकावरून दिसायचं. ती तोंडावर पदर घेऊन हसायची, आणि घरी गेल्यावर त्याला रागवायचीही. त्यानं इंटर पास केलं, इकडं तिकडं अर्ज केले, आणि शेवटी भिलाईला नोकरीची मुलाखत आली.

इथं आमच्या मंडळीतली एक जुनी रीत सांगायला हवी. कोणी गावाला निघालं की उपासनेआधी त्याचं नाव पाळकसाहेबांच्या (म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या) कानावर घालायचं. मोठ्या प्रार्थनेत आधी आजाऱ्यांची नावं यायची, मग दुःखितांची, आणि मग "प्रवासात असलेल्यांसाठी" असं म्हणून त्या माणसाचं. परत आला की त्यानं पुढच्या रविवारी आभाराच्या वेळी जागेवर उभं राहायचं, "देवानं सांभाळलं, सुखरूप आलो," म्हणायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, आणि त्याचं नाव थांबायचं. नाव थांबवायची दुसरी तऱ्हा नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती. मावशीनं शमूचं नाव दिलं आणि पाळकसाहेबांनी ते घेतलं, तेव्हा शमू लाजून लाल झाला. "आई, मी भिलाईले जाऊन राहिलो वं, चंद्रावर नाई," असं तो प्रार्थना चालू असतानाच पुटपुटला आणि आम्ही पोरींनी तोंडाला रुमाल लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं. ही पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. शमू भिलाईला पोचला नाही.

काकांनी पास काढून ती सगळी लाइन पायाखाली घातली. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग... प्रत्येक स्टेशनात उतरायचे, हमालांना, चहावाल्यांना, स्टेशनमास्तरांना फोटो दाखवायचे. पोलिसांत वर्दी दिली. दवाखाने पाहिले, शवागारं पाहिली. डोंगरगडला एका टपरीवर त्याच्यासारखाच कोणी चहा देतो असं कळलं, तिथं काका जाऊन बसून राहिले, तर तो पोरगा भलताच निघाला. रुळांवर कोणी सापडलं नव्हतं. गाडीत काही मारामारी झाल्याचं कोणी सांगत नव्हतं. घरात तर भांडण नव्हतंच, उलट जाताना तो मावशीकडून दोन दशम्या जास्त मागून घेऊन गेला होता. सुरुवातीला आमची सगळी मोहननगर वस्ती त्यांच्या घरात बसून असायची. मग नाताळ आला, लोकांनी दारांवर कागदी तारे टांगले, लग्नं ठरली, बारशी झाली, आणि मंडळी आपापल्या उद्योगाला लागली. कोणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. दर रविवारी मात्र प्रार्थनेत शमूचं नाव यायचं आणि आम्ही सगळे तेवढ्यापुरते मान आणखी खाली घालायचो.

आमच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हाती पोचला, आता त्याच्यासाठी आपण मागण्याजोगं काय उरलं, असं आमचं मानणं. त्यामुळं नाव घेतलं जात होतं तोवर शमू जिवंत होता. ते थांबवणं म्हणजे त्याला पुरणं, आणि तेही शवपेटीशिवाय, मातीशिवाय. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. एकदा पाळकसाहेब आजारी होते म्हणून एका वडील गृहस्थांनी उपासना चालवली. त्यांच्याकडून शमूचं नाव राहिलं. ते पुढच्या विनंतीकडं वळणार एवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशीचा खणखणीत आवाज आला, "आणि शमुवेल." त्या गृहस्थांनी दचकून "आणि शमुवेल" म्हटलं आणि प्रार्थना पुढं गेली.

काकांनी मात्र मनातून सोडलं होतं. केव्हा सोडलं ते आम्हाला एका रविवारी जेवताना कळलं. मावशीनं कारल्याची भाजी केली होती, आणि काका सहज बोलून गेले, "शमूले कारलं नाई आवडे." मावशीचा हात ताटात थांबला. "आवडत नाई," ती म्हणाली. काकांनी तिच्याकडं पाहिलं, पण तोंडातून गेलेला भूतकाळ दुरुस्त केला नाही. तेव्हा मावशी ताट घेऊन आत गेली आणि त्या दिवसापासून त्या घरात दोघं दोन वेळांना जेवू लागली. काका वाईट नव्हते. दमले होते. मला एकदा म्हणाले, "बेटा, मी त्याले मारून नाई टाकलं. मी त्याले देवाच्या हवाली केलं. तुह्या मावशीले वाटते मी त्याले फेकून देल्लं." त्यांना स्मरणाची एखादी छोटी उपासना करून घ्यायची होती, चार गीतं, एक प्रार्थना, बस्स. मावशी म्हणाली, "माती कोठं हाये? आधी माती दाखवा." यापुढं काकांनी तो विषय काढला नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटी मावशीच त्यांच्या उशाशी होती, मी पायाशी. काकांचं तोंड बरंचसं शांत दिसत होतं. ते म्हणाले, "शमू भेटन आता मले." तेवढाच काय तो त्यांच्याजवळ दिलासा होता. मावशीनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तिथं नसन तो. तुम्ही जाऊन वाट पाह्यजा." हे ती कठोरपणानं म्हणाली की मायेनं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. काकांनी डोळे मिटले. मग तिनं त्यांचा हात सोडला. दवाखान्यात इतरांना सोडायला सांगायची तसाच, अगदी वेळेवर.

पुढं नगरकडून एक तरुण पाळकसाहेब आले. भला माणूस. आल्या आल्या घरोघर भेटी दिल्या, आणि ज्याला पाहिलं नाही अशा माणसाचं नाव आपण दर रविवारी घेतो आहोत हे त्यांच्या मनाला लागलं. ते मावशीकडं आले तेव्हा मी तिथं होते. त्यांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग शास्त्रातल्या त्या राजाची गोष्ट काढली. त्या राजाचं लेकरू आजारी होतं तोवर तो उपाशी जमिनीवर पडून देवाची आळवणी करत होता, आणि लेकरू गेल्याचं कळताच तो उठला, त्यानं अंघोळ केली, कपडे बदलले आणि जेवायला बसला. "मावशी, मागायची एक वेळ असते आणि उठायची एक वेळ असते," पाळकसाहेब म्हणाले. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या राजाले कोणीतरी येऊन सांगितलं होतं न जी, लेकरू गेलं म्हणून?" तिनं विचारलं. "मले कोणी येऊन सांगितलं?"  पाळकसाहेब तरुण होते, हटले नाहीत. त्यांनी मग शास्त्रातल्या शमुवेलच्या आईची गोष्ट काढली, जिनं देवाजवळ मुलगा मागून घेतला, आणि दूध तुटल्यावर देवळात नेऊन देवालाच देऊन टाकला. तुम्हीही तसाच मागून घेतला होता, तसाच देऊन टाका, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाली, "तिले ठाव होतं पोरगं कोठं हाये ते. दरसाल नवा झगा शिवून घेऊन जात होती ते त्याच्यासाठी. मले पत्ता सांगा साहेब, मीबी शिवतो झगा." पाळकसाहेबांनी अर्धा राहिलेला चहा खाली ठेवला. आम्ही प्रार्थना केली. त्या प्रार्थनेतही त्यांनी शमूचं नाव घेतलं, काय करणार.

मला तेव्हा पाळकसाहेबांचंच पटत होतं आणि आजही पुष्कळसं पटतं. धरून ठेवणं म्हणजेच विश्वास, असं मला कधी वाटलं नाही. देवाच्या हातात दिलं म्हणायचं आणि एक टोक आपल्याकडं बांधून ठेवायचं, याला काय अर्थ? मावशी निवृत्त झाली होती, पाय सुजत होते, माझ्याकडं राहायला ये म्हटलं तर "शमू आला तं घरी कोण राहीन?" म्हणायची. माझ्या बदलीची एकदा गोष्ट निघाली, तीही मी तिच्यासाठी नाकारली. म्हणजे तिनं शमूला धरलं होतं आणि मी तिला, अशी आमची साखळीच झाली होती. पण मी काही बोलायला गेले की ती माझ्याकडं अशी पाहायची, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसायचे.

मग तो रविवार आला. उपासना संपली होती, मावशीचे पाय भरून आले होते म्हणून आम्ही दोघी देवळाच्या आवारात लिंबाखाली बसलो होतो. रविवारच्या शाळेतल्या चार-सहा पोरी समोर 'देऊळ-देऊळ' खेळत होत्या. एक चुणचुणीत पोर पाळकसाहेब झाली होती, तिनं आईची ओढणी गळ्यात घातली होती, आणि बाकीच्या तिच्यापुढं डोळे मिटून बसल्या होत्या. तिनं अगदी हुबेहूब आवाज काढला. "आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, प्रवासात असलेल्या शमुवेलसाठी, आमेन." बाकीच्यांनीही आमेन म्हटलं. मला हसू आलं, आणि लगेच मी मावशीकडं पाहिलं. ती पुढं झुकून त्या पोरीला विचारत होती, "शमुवेल कोण वं बाई?" पोरगी गोंधळली. तिनं मैत्रिणींकडं पाहिलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, "कोणी नाई आजी. तसं म्हनाच लागते."

मावशीनं मान हलवली. "बरोबर हाये," म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.  घरी पोचल्यावर कुलूप काढता काढता थांबली. "पोरगी लबाड नाई बोलली वं," ती म्हणाली. "मीबी तसंच म्हणून राहिली होती. किती दिवसांपासून म्हणून राहिली, माहीत नाई. नाव येते, मी आमेन म्हणतो, घरी येऊन भात टाकतो. देवाजवळ मागून कोण राहिलं होतं?" मी म्हटलं, मावशी, असं नसतं... ती आत जाऊन खाटेवर बसली. "त्याचं तोंड नाई दिसत मले आता. नाव घेतलं की पाळकसाहेबाचं तोंड दिसते."

पुढच्या रविवारी आभाराच्या वेळी मावशी उभी राहिली. तिनं मला काही सांगितलं नव्हतं. सर्वांसमोर घेतलं जाणारं नाव सर्वांसमोरच थांबवायचं, आणि ते थांबवायची एकच तऱ्हा तिला ठाऊक होती, म्हणून ती उभी राहिली. पण त्या वेळेला उभं राहण्याचा आमच्या देवळात एकच अर्थ होता.  मग बाकं करकरली आणि सगळ्या माना दाराकडं वळल्या. जुनी माणसं अर्धवट उठून पाहत होती. बाजाची पेटी वाजवणारे म्हातारे मास्तर उभे राहिले. मागच्या बाकावर कोणी बाई रडत म्हणाली, "आला वं माय, आला." मीही वळून पाहिलं. इतकी वर्षं मावशीला वेडी समजणारी मी बाकाची पाठ धरून अर्धी उठले. "तो नाई आला," मावशी म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातला होता, सांगून टाकणारा. "त्याचं नाव आता घेऊ नका जी." आणि ती खाली बसली. आमेन कोणी म्हटलं नाही. म्हणावं की नाही, तेच कोणाला कळलं नाही.

पाळकसाहेब नंतर तिला भेटायला आले, त्यांचे डोळे भरून आले होते. याला समर्पण म्हणतात, हाच खरा विश्वास, असं ते म्हणाले. मावशीनं त्यांना थांबवलं. "समर्पण नाई साहेब. मी देल्लं नाई देवाले. माझ्या हातून पडून गेलं." पाळकसाहेब म्हणाले, देव पडलेलंही उचलतो. मावशी म्हणाली, "उचलत असन." बस्स, तेवढंच. मला वाटलं होतं, आता तिला मोकळं वाटेल. सोडून दिल्यावर माणूस हलका होतो असं आम्ही सगळेच एकमेकांना सांगत असतो, देवळात तर फारच. तिला तसं काही झालं नाही. ती नेमानं देवळात यायची, गीताच्या वेळी पुस्तक उघडायची, पण ओठ हलायचे नाहीत. जेवण कमी झालं. शमू आला तर घरी कोण राहील ही अडचण आता नव्हती, तरी ती माझ्याकडं राहायला आली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आता कोठंबी राह्यलं तरी सारखंच. मग इथंच काहून नाई?" एकदा मी धीर करून विचारलं, मावशी, बरं वाटतं का? ती म्हणाली, "दवाखान्यात मी लोकायले सोडा म्हणत होती न वं... त्यायच्या हातात तं हात होता. सोडल्यावर घरी जाऊन ते काय करत असतीन, हे मी कधी पुसलंच नाई." त्यानंतर ती दोन-तीन वर्षं जगली. जगली म्हणजे दिवस काढले.

तर त्या दिवशी मी पोचले तेव्हा ती खाटेवर कुशीवर निजलेली होती. वासनिकबाईंनी तिच्या अंगावर स्वच्छ चादर घातली होती आणि त्या दारात बसून रडत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, काकांच्या शेजारी आम्ही तिला माती दिली. पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणाले की आता तिची माणसं तिला भेटली असतील, आणि माझ्या मनात आलं, कोण कोण? काका असतील, माझी आई असेल. तो तिथं दिसला तर तिला काय वाटावं, आणि नाही दिसला तर काय वाटावं? कोणत्या गोष्टीसाठी मी देवाजवळ मागू? मातीची मूठ हातात तशीच राहिली, मागच्या माणसानं हळूच मला पुढं केलं.

बातमी द्यायला मी सीताबर्डीवर वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. टेबलामागचा तरुण मुलगा मान वर न करता विचारत होता आणि लिहून घेत होता. नाव, वय, कुठल्या दवाखान्यात होत्या, अंत्यविधी कुठं झाला. मग त्यानं विचारलं, "पश्चात कोण?" मी म्हटलं, "एक मुलगा." मुद्दाम म्हटलं नाही. मावशीला मुलं किती, असं कोणीही विचारलं की आमच्या घरात हेच उत्तर होतं, मी लहानपणापासून तेच देत आले. त्यानं लिहून घेतलं, मी घरी आले, आणि सकाळी छापून आलं. त्यांच्या पश्चात एक मुलगा असा परिवार आहे.

रविवारी देवळात लोकांनी मला घेरलं. शमू सापडला का, कुठं होता, मातीला का नव्हता आला... प्रत्येकाला मी सांगत होते की नाही, चुकून छापलं गेलं. एका म्हातारीला ते पटेना, तिला वाटलं मीच काहीतरी लपवते आहे. आणि सोमवारी संध्याकाळी, मी मावशीच्या खोल्या आवरत असताना, दारात मोटारसायकल थांबली. शमूचा शाळेपासूनचा दोस्त विजय. हिंगण्याला कारखान्यात असतो, डोकं निम्मं पांढरं झालंय. पाळी संपवून तसाच आला होता, अंगावर कंपनीचे कपडे, हाताला तेल. कँटीनमध्ये कोणीतरी भजी बांधून आणली होती, त्या कागदात त्यानं बातमी वाचली होती. तो आत आला नाही. मला ओळखलं की नाही कोण जाणे, माझ्या खांद्यावरून आत पाहत म्हणाला, "कोठं हाये तो? झोपला काय?" मी सांगितलं. त्यानं दोनदा मान हलवली, अंगणातल्या नळावर खूप वेळ तोंड धूत राहिला, आणि निघून गेला.

त्यानंतर मी पुन्हा त्या कचेरीत गेले. इतक्या दिवसांनी बातमीची दुरुस्ती छापत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही बाईंवर पुरवणीसाठी काहीतरी लिहा, त्यात घालता येईल, म्हणाले. मावशीच्या खोल्या मी आता रिकाम्या करून दिल्या आहेत. तिथं नवे भाडेकरू आले, दाराला निळा रंग दिला. तिची म्हणून एक सवय तेवढी उरली आहे, आणि ती माझ्या जिभेवर आहे. परवा शाळेत एका नव्या बाईंनी मावशीची चौकशी केली, मुलंबाळं किती म्हणाल्या, आणि मी तोंड उघडून थांबले. तिनं भर देवळात उभं राहून जे सांगितलं ते मला एका माणसापुढं बोलता येईना. म्हणून लिहून देते. इतकं सगळं लिहिलं ते बहुतेक हे एक वाक्य लांबणीवर टाकण्यासाठीच.

सुशीलाबाई यशवंत खंडागळे यांच्या पश्चात मुलगा नाही.